गोठा, रेनडिअर आणि मोजपट्टी

पॉटकेट हे ऱ्होड आयलंड या अमेरिकेतील सर्वात चिमुकल्या राज्यातले शहर. नाताळ जवळ आला की तेथील नगरपालिका बाजारपेठेतल्या एका बागेत देखावा मांडत असे. सांताक्लॉजचे घर, त्याची गाडी ओढणारी रेनडिअर, नाताळवृक्ष, शेकडो रंगीत दिवे. शिवाय एक विदूषक, एक हत्ती आणि एक टेडी अस्वल. या जत्रेतच एका बाजूला मेरी, जोसेफ, मेंढपाळ आणि गव्हाणीतले बाळ. हा गोठा पालिकेने १९७३ साली १,३६५ डॉलरना घेतला होता. तो मांडण्या-काढण्याचा खर्च वर्षाला वीसेक डॉलर. रक्कम एवढीशी, पण सरकारने एका धर्माची बाजू घ्यावी का, या प्रश्नावरून सुरू झालेला खटला थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि मार्च १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी गोठा वाचला.

वाचला, पण कशामुळे? सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांच्या मते एकटा गोठा पाहायचा नाही, सगळा देखावा मिळून पाहायचा. तसा पाहिला तर तो एका राष्ट्रीय सुटीचा उत्सव ठरतो आणि गोठा त्या सुटीचे मूळ सांगतो. म्हणजे येशूच्या मदतीला धावून आले ते रेनडिअर आणि टेडी अस्वल! वकील मंडळी तेव्हापासून या निकालाला कुत्सितपणे ‘रेनडिअर नियम’ म्हणतात.

त्या चार विरोधी मतांतले न्या. हॅरी ब्लॅकमन यांचे टिपण आजही वाचावे असे आहे. शहर जिंकले खरे, पण ही जीत हरण्याइतकीच महाग पडली, असे त्यांनी लिहिले. कारण जिंकण्यासाठी शहराला गोठ्याचा अर्थच नाकारावा लागला. श्रद्धावंताला तो गोठा पवित्र आहे असे म्हणण्याची चोरी आणि इतर धर्मीयांना तो पाहून परके वाटणार, अशा दुहेरी कोंडीत हा देखावा उभा राहिला. आम्हास या वादातले सर्वात खरे बोल हेच वाटतात. धर्माच्या बाजूने लढणाऱ्यांनी धर्माची केवढी किंमत मोजली, याचा हिशेब त्या जल्लोषात कोणी मांडला नाही.

पुढे प्रकरण आणखी मजेशीर झाले. पिट्सबर्गमध्ये अ‍ॅलेघेनी काउंटीच्या न्यायालयाच्या भव्य जिन्यावर गोठा मांडलेला होता. सोबतीला ना सांता, ना रेनडिअर. वर देवदूत आणि त्याच्या हाती ईश्वराचा जयघोष करणारे लॅटिन फलक. जवळच्याच सरकारी इमारतीबाहेर ४५ फुटी नाताळवृक्षाशेजारी हनुका सणाचा १८ फुटी मेनोरा म्हणजे ज्यूंचा दीपवृक्ष, आणि खाली स्वातंत्र्याला सलाम करणारी पाटी. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या एकाच निकालात गोठा घटनाबाह्य आणि मेनोरा घटनासंमत ठरला. न्या. अँथनी केनेडी यांनी तेव्हा चिडून लिहिले, की असे खटले निव्वळ अंदाज आणि मोजपट्टी घेऊन सोडवावे लागतील. देवाशेजारी किती फुटांवर किती प्लास्टिकची जनावरे असली म्हणजे तो निधर्मी ठरतो, याचे उत्तर कोणत्या राज्यघटनेत सापडावे?

बरे, सरकारने स्वतः काही न मांडता चौक सर्वांना खुला करावा, तर त्यातही गंमत आहे. फ्लोरिडाच्या विधानभवनात २०१३ साली गोठ्याला परवानगी मिळाली. मग बिअरच्या रिकाम्या डब्यांचा खांबही आला, कारण ‘फेस्टिव्हस’ नावाचा दूरचित्रवाणी मालिकेने लोकप्रिय केलेला सणही आपला हक्क मागू लागला. कॅलिफोर्नियातील सांता मोनिकात समुद्राकाठच्या पॅलिसेड्स पार्कमध्ये १९५० च्या दशकापासून ख्रिस्तजन्माचे १४ प्रसंग मांडले जात. २०११ मध्ये जागा सोडतीने द्यायचे ठरले. २१ पैकी १८ जागा निरीश्वरवाद्यांना लागल्या, आणि पुढच्याच वर्षी शहराने कंटाळून सगळेच देखावे बंद केले. नियम सर्वांना सारखा लागला हे खरे, पण जवळपास साठ वर्षांची एक परंपरा त्या बागेतून उठली. ते नुकसान हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

२०२२ मध्ये एका फुटबॉल प्रशिक्षकाच्या प्रार्थनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कसोट्या बाजूला ठेवल्या आणि इतिहास व परंपरा पाहा, असे सांगितले. इतिहासच पाहायचा तर मॅसॅच्युसेट्समधील कर्मठ प्युरिटनांनी १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठेवला होता आणि तो १६८१ पर्यंत टिकला. यातला कुठला इतिहास धरायचा?

तिथल्या मराठी कुटुंबांसाठी हा वाद दूरचा नाही. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना दिवाळीची सुटी देणारा कायदा २०२३ मध्ये झाला तेव्हा त्यांना झालेला आनंद रास्तच होता. पॉटकेट खटल्यात न्या. सँड्रा डे ओकॉनर यांनी एक कसोटी सांगितली होती. सरकारने एका धर्माची पाठ थोपटली, की बाकीच्यांना ‘तुम्ही या घरचे नाही’ असा निरोप जातो. हा निरोप काय असतो हे परदेशी राहणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही. सुटीवर मायदेशी येताच मात्र तो त्याच्या कानावर पडेनासा होतो.

कारण इथे आपण घरचे असतो. लोकमान्यांनी १८९३ पासून ज्याला बळ दिले तो गणेशोत्सव वर्गणीच्या पावत्यांवर उभा राहिला, तोही परक्या सरकारच्या डोळ्यांत खुपत. २०२५ च्या जुलैत राज्य सरकारने त्याला ‘राज्य महोत्सव’ घोषित केले. गणपतीपुढे अफझलखान वधाचा हलता देखावा आणि पलीकडे पाणी वाचवण्याचा संदेश, ही सरमिसळ आपल्याकडे जुनीच. ती मंडळाच्या हौसेने होती, तोवर कोणाला काही सिद्ध करायचे नव्हते. आता आश्रय सरकारचा आहे. उत्कृष्ट मंडळांची स्पर्धा सरकार २०२२ पासून घेतेच. त्या गुणपत्रिकेत पर्यावरणपूरक मूर्तीला गुण आहेत, आवाज आवरण्याला आहेत, समाजप्रबोधनाच्या देखाव्यालाही आहेत. भक्तीचा रकाना तेवढा नाही. तो असणार तरी कसा, परीक्षक सरकारी आहेत.