साडूंनी जिंकलेला बर्फ

आमचे साडू बर्फ जिंकून आले. शब्द त्यांचा आहे, माझा नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात सागने आणि लाक सें-जाँ असा एक मुलूख आहे. तिथे जानेवारी महिन्यात, पाच दिवस, ८४० किलोमीटर, शून्याखाली २५ अंशांत, स्नोमोबाईलवर बसून त्यांनी हिवाळ्यावर विजय मिळवला. सोबत आमची थोरली मेहुणी होती. पण विजयाच्या वर्णनात तिचा उल्लेख ‘आणि मागे ही होती’ एवढ्यावर उरकतो. स्वारीच्या बखरीत तंबू-कनातींचा उरकावा तसा.

माझं त्यांच्या सफरीशी भांडण नाही. नवरा-बायकोनं पाच दिवस एका यंत्रावर बसावं आणि सहाव्या दिवशीही एकमेकांशी बोलत असावं, ही गोष्ट कौतुकाचीच आहे. आम्ही उभयता स्कूटरवरून मंडईपर्यंत जातो तेवढ्यात आमचं बोलणं दोनदा बंद पडतं. माझं भांडण ‘जिंकला’ या क्रियापदाशी आहे. बावीस वर्षं बँकेत कारकुनी केल्यामुळे रक्कम कुणाच्या नावे जमा झाली याबाबत मी जरा चिकट झालो आहे, आणि इथे ती चक्क भलत्याच खात्यावर जमा झालेली आहे.

आधी वाहन समजून घ्या. पुढे दोन स्की, मागे दातेरी रबरी पट्टा, मध्ये इंजिन आणि वर दोघांची गादी. लांबच्या सफरीसाठीच्या या मशिनांत हँडलच्या मुठी विजेवर गरम होतात. मागच्या माणसाला पाठ टेकायला उशी, आणि त्याच्याही मुठी गरम. हेल्मेटच्या काचेवर श्वासाची वाफ गोठू नये म्हणून काचेत बारीक तारा असतात आणि त्यांची वायर मशिनमध्ये खुपसायची असते. म्हणजे आमचे साडू हिवाळ्याशी झुंजत होते तेव्हा त्यांचे हात शेकले जात होते आणि डोकं प्लगला लावलेलं होतं.

आता वाट. तुमची-माझी कल्पना अशी की, समोर पांढरा सागर, वाट नाही, दिशा नाही, आणि माणूस आपला देवावर हवाला ठेवून चाललाय. प्रत्यक्षात क्वेबेकमध्ये अशा सांभाळलेल्या वाटांचं सुमारे ३३ हजार किलोमीटरांचं जाळं आहे. वाटांना नंबर आहेत, फाट्यांवर पाट्या आहेत, वळणाआधी बाण आहे, थांबा म्हणून लाल फलक आहे. वेगाची कमाल मर्यादा ताशी ७० किलोमीटर. पास काढल्याशिवाय वाटेवर जाता येत नाही. ठरावीक अंतरावर शेकोटी आणि गरम वाटाण्याचं सूप मिळणारी विसाव्याची घरं आहेत. पेट्रोलपंपापर्यंत वाट जाते, हॉटेलच्या दारापर्यंत जाते. समोरून मशिनांची रांग आली तर पुढचा खांद्यावरून अंगठा मागे दाखवतो, म्हणजे ‘अजून येताहेत’. आणि सगळ्यांत शेवटचा बंद मूठ उंचावतो, म्हणजे ‘आता कोणी नाही, मी शेवटचा’. अहो, इतकी शिस्त आमच्या शाखेत पेन्शनच्या दिवशी असती तर मी लेखक झालो नसतो!

जिंकणं म्हणजे काय ते या यंत्राच्या जन्मकथेत आहे. क्वेबेकमधल्याच वाल्कूर गावी जोझेफ-आर्माँ बॉम्बार्डिए नावाचा मेकॅनिक होता. त्या काळी हिवाळ्यात खेड्यांचे रस्ते बर्फाखाली गडप व्हायचे. १९३४ च्या जानेवारीत त्याचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सनं आजारी पडला आणि बर्फातून इस्पितळापर्यंत नेता न आल्यामुळे गेला. बर्फावर चालणाऱ्या गाडीचे त्याचे प्रयोग आधीपासून चालू होते, पण त्या दिवशी चालेल अशी गाडी तयार नव्हती. १९३७ मध्ये त्याने सात माणसं बसतील अशी पट्ट्याची गाडी विकायला काढली. तिच्यातून आणि पुढच्या मोठ्या गाड्यांतून डॉक्टर गेले, टपाल गेलं, शाळेची पोरं गेली. सहलीचं छोटं मशिन, स्की-डू, आलं ते १९५९ मध्ये. त्या मेकॅनिकनं ‘बर्फ जिंकला’ म्हटलं असतं तर मी उभं राहून ऐकलं असतं. पण पाठीला उशी लावून सुपापर्यंत जाणाऱ्यानं तोच शब्द वापरावा?

हे सगळं मला इतकं तपशिलात कळलं त्याचं श्रेय मेहुणीच्या वहीला. साडूंनी आमच्या टीव्हीवर ४१२ फोटो दाखवले. त्यांपैकी साधारण तीनशेंमध्ये ते स्वतः मशिनला टेकून क्षितिजाकडे पाहत आहेत. ही त्या वेळी स्वयंपाकघरात आमच्या सौभाग्यवतीला मोदकाची उकड काढून दाखवत होती. जाताना तिने वही माझ्याकडे ठेवली, ‘भावजी, हिशेब जरा तपासा’ म्हणून. हिशेब चोख होता. पण समासात तिने जे टिपलं होतं, ते चारशे बारा फोटोंत कुठेच नव्हतं.

‘दिवस दुसरा. रात्री दोनला जाग आली. खिडकीतून पिवळा दिवा फिरताना दिसला. वाट विंचरणारा.’ ‘दिवस तिसरा. सकाळची वाट ताटासारखी. दुपारी चारनंतर वरवंट्यासारखी.’ ‘दिवस चौथा. फळीवर हातानं लिहिलंय, फ्रेंचमध्ये. पंपावरच्या बाईंनी अर्थ सांगितला : माझं शेत आहे, वाटेवरूनच जा, धन्यवाद.’

त्या पिवळ्या दिव्याबद्दल सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. बर्फाची वाट ही डांबरी रस्त्यासारखी एकदा करून विसरायची गोष्ट नाही. शंभर मशिनं गेली की त्यांच्या वेग घेण्याने आणि ब्रेक मारण्याने बर्फाला उंचवटे येतात. पुढचं प्रत्येक मशिन त्या उंचवट्यावर उडतं आणि तो आणखी वाढवतं. संध्याकाळपर्यंत वाटेचं धुण्याचं पन्हाळी पत्र्यासारखं होतं आणि बसणाऱ्याच्या मणक्याचे मणी मोजून होतात. मग रात्री पट्ट्यांवर चालणारा एक मोठा ट्रॅक्टर निघतो. त्याला तिकडे ग्रूमर म्हणतात. त्याच्यामागे लांबलचक सांगाडा असतो. त्यातली पाती उंचवटे कापतात, कापलेला बर्फ खाली घुसळला जातो, आणि शेवटचं जड तवं त्याला दाबून सपाट करतं. हे काम रात्री का, तर गार हवेत दाबलेला बर्फ घट्ट बसतो, आणि त्याला बसायला काही तास द्यावे लागतात; लगेच कुणी वरून गेलं की केलेलं सगळं पाण्यात. म्हणून तो एकटा माणूस माणसाच्या पळण्याइतक्या वेगानं रात्रभर जंगलातून जातो आणि पहाटे घरी परततो. साडू नऊ वाजता न्याहारी करून निघतात आणि ताटासारख्या वाटेवर पराक्रम सुरू करतात. याला मराठीत फार जुना शब्दप्रयोग आहे. आयत्या बिळावर नागोबा.

ही वाट ज्यांच्यामुळे आहे ते दोनशेच्या आसपास क्लब. ते चालवणारी बहुतेक माणसं बिनपगारी. कोण सुतार, कोण निवृत्त शिक्षक. शरद ऋतूत ते आडव्या पडलेल्या फांद्या तोडतात, पूल दुरुस्त करतात, पाट्या ठोकतात. तळं गोठलं की बर्फाची जाडी मोजून मगच त्यावर वाटेच्या खुणा रोवतात.

आणि ती हातानं लिहिलेली फळी. उत्तरेकडे सरकारी जंगल आहे, पण वस्तीच्या भागात या वाटा पुष्कळदा खासगी शेतांमधून जातात. शेतकरी परवानगी देतो म्हणून. ती तो उद्या काढूनही घेऊ शकतो. मराठी वाचकाला या वाक्याचं गांभीर्य समजावून सांगायला नको. आपल्याकडे वीतभर बांधापायी सख्ख्या भावांच्या तीन पिढ्या तालुक्याच्या कोर्टात म्हाताऱ्या झाल्या. आणि तिकडे एक माणूस कोण कुठल्या परक्या माणसांच्या हजारो मशिनांना ‘जा बाबांनो माझ्या शेतातून’ म्हणतो, आणि मोबदल्यात मागतो काय, तर वाट सोडू नका. त्याचंही कारण आहे. पडलेला बर्फ ही जमिनीतल्या बारमाही गवताची गोधडी असते. मशिननं ती तुडवली की तिच्यातली हवा जाते आणि गारठा मुळापर्यंत पोचतो. मे महिन्यात साडू मॉन्ट्रियलमध्ये फोटो लावत असतात तेव्हा त्या माणसाच्या गायींच्या चाऱ्यात टकले पट्टे दिसतात.

असा एक शेतकरी वैतागला आणि त्यानं फाटक लावलं, की ३३ हजार किलोमीटरांचं जाळं तिथे तुटतं. अलीकडचं गाव अलीकडे, पलीकडचं हॉटेल पलीकडे. वाट म्हणजे साखळीच, आणि तिची कडी एका माणसाच्या मर्जीची.

हे मी साडूंना बोलून दाखवलं. ते म्हणाले, ‘‘अहो, पास काढलाय आम्ही. पैसे मोजलेत.’’ हे वाक्य मी काउंटरच्या अलीकडून रोज ऐकतो. पासाच्या पैशांतून ट्रॅक्टर येतो, डिझेल येतं, मान्य. शेतकऱ्याचं ‘जा बाबांनो’ त्यात येत नाही. ते कुठल्याच दरपत्रकात नाही.

‘‘आणि दरवेळी तुमच्या त्या पाट्या बघत चाललं तर थरार तो काय?’’ हे त्यांचं दुसरं म्हणणं. इथे मात्र मला विनोद सुचत नाही. ज्या लाक सें-जाँच्या काठानं हे दोघे गेले, त्याच तळ्यावर २०२० च्या जानेवारीत फ्रेंच पर्यटकांचा एक गट, सोबत वाटाड्या असूनही, खुणा केलेली वाट सोडून गेला. जिथे पाण्याला ओढ असते तिथे बर्फ पातळ राहतो. मशिनं बर्फासकट खाली गेली. पाच पर्यटक आणि वाटाड्या, सहा माणसं गेली. खुणेच्या काठ्या बिनपगारी माणसं थंडीत कुडकुडत रोवतात ती काही तळ्याला शोभा यावी म्हणून नव्हे.

शिवाय ज्याला तुम्ही हरवलंत म्हणता तो हिवाळा स्वतःच आता आजाऱ्यासारखा वागतोय. २०२३-२४ चा हिवाळा हा कॅनडाच्या नोंदींतला सर्वांत उबदार ठरला. बर्फ नसला की विंचरणार काय? आणि पेट्रोल जाळत बर्फ बघायला जाणाऱ्यांनी यावर फार मोठ्यानं हळहळू नये, हेही साडूंना सांगायचं होतं. पण तोवर सौभाग्यवतीनं पानं घेतली.

इकडे आमच्या नात्यात दुसरा पक्ष आहे. त्याचं म्हणणं, हा सगळाच खुळेपणा. पैसे देऊन थंडी खायची आणि फिरून निघालो तिथेच यायचं! त्यांच्याशीही माझं पटत नाही. पंढरपूरला गेलेला माणूसही घरीच परत येतो. वहीतल्या पाचव्या दिवशी एकच ओळ आहे : ‘इंजिन बंद केलं. दोघंही दहा मिनिटं काही बोललो नाही. बर्फ पडताना आवाज येतो.’ लग्नाच्या एकतिसाव्या वर्षी नवरा-बायकोला अशी दहा मिनिटं मिळत असतील तर पैसे वसूल आहेत, आणि ते लिहून देण्यासाठी मला कुठल्याही वरिष्ठाची सही नको. पण ती दहा मिनिटं सुद्धा कुणीतरी रात्रभर जागून सपाट करून ठेवली होती, एवढंच माझं म्हणणं.

पुढच्या जानेवारीत पुन्हा जायचं ठरलंय. साडूंच्या मनात यंदा वाट सोडून खोल बर्फात शिरायचं होतं. परवा मेहुणीचा फोन आला. तिने दोन मशिनं सांगितली आहेत, आणि नकाशा तिच्याकडे असल्यामुळे पुढे ती राहणार आहे. साडूंना खुणांच्या आतून तिच्या मागे यायचंय, आणि समोरून कुणी आलं की मूठ दाखवायची आहे.