मुळी कीं डोंगर?

नेमकी मुळी ओळखतां न आल्यामुळें मारुतीनें सबंध द्रोणागिरीच उचलून आणिला, ही कथा आमच्या वाचकांस बाळपणापासून ठाऊक आहे. त्या पर्वताचा एक तुकडा उरणजवळ गळून पडला असें तिकडील लोक सांगतात. तेथील डोंगराचें नांवही द्रोणागिरीच. त्याच परिसरांत तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा मोठा कारखाना आहे. ता. ३ सप्टेंबर २०१९ रोजीं सकाळीं तेथें पावसाचें पाणी वाहून नेणाऱ्या गटारांत आग लागली व चार माणसें प्राणांस मुकलीं. त्यांपैकीं तिघे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे अग्निशामक होते.

अपघातानंतर चौकशी बसते, आणि पुष्कळदां तीही मारुतीचाच मार्ग पतकरिते: सांपडतील तितकीं कारणें अहवालांत भरून डोंगर पुढें ठेवावयाचा! मुळी निवडण्याच्या ज्या पद्धती शास्त्रज्ञांनीं काढिल्या, त्यांतील कांहींना झाडाचा आकार आहे. जपानांतील टोयोटा कारखान्यानें रूढ केलेला, "असें कां?" हें पांच वेळां विचारण्याचा प्रघात सर्वांत सोपा, परंतु तो एकाच फांदीनें उतरत जातो, आणि बहुधा एखाद्या गरीब कामगाराच्या हलगर्जीपणापाशीं थांबतो.

दोषवृक्ष अधिक चौकस. १९६२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मिनिटमन क्षेपणास्त्रासाठीं तो योजिला गेला. यांत अनर्थ शेंड्यावर व कारणें खालीं मांडितात, आणि प्रत्येक सांध्यावर "आणि" किंवा "अथवा" लिहितात. वायूचेंच उदाहरण घेऊं. गळती आणि ठिणगी एकत्र आल्या तरच आग. गळती मात्र झडप झिजल्यानें अथवा सांधा सुटल्यानें, कशानेंही होईल. "आणि"खालची एक फांदी छाटली तरी अनर्थ टळतो. गळतीचा संभव १०० त १ व ठिणगीचा ५० त १ धरला, तर दोन्हींचा मिळून ५००० त १. मात्र दोहोंचें मूळ एकच असेल, तर हा गुणाकार फसवा ठरतो. वीज जातांच पंपही थांबतो आणि धोक्याची घंटाही मुकी होते, हें कोणास सांगावयास नको.

घटनावृक्ष उलट दिशेनें वाढतो. गळती झाली, सूचना मिळाली काय? झडप मिटली काय? माणसें दूर गेलीं काय? प्रत्येक "होय" व "नाहीं" यांची निराळी फांदी. अणुवीजगृहांच्या धोक्यावरील १९७५ च्या अमेरिकन अहवालांत दोन्ही वृक्ष जोडून वापरले आहेत, आणि आमच्या मतें तीच रीत खरी.

कारण उरणचे ते अग्निशामक आग लागण्याच्या कारणांत कोठेंच नव्हते. त्यांची फांदी आग लागल्यानंतरची. त्या दिवशीं वायूचा ओघ गुजरातेंतील हजिऱ्याकडे वळविण्यांत आला; ती फांदी "होय"कडे गेली. परंतु आगीजवळ जातांना पुढें काय आहे याची कोणती माहिती त्या तिघांजवळ होती? परत फिरण्याचा इशारा देणें कोणाच्या हातीं होतें? केवळ दोषवृक्ष काढणाऱ्या चौकशींत हे प्रश्न विचारलेच जात नाहींत.