मुलींना कोंडू नका, ग्रामसभेत बसवा

माननीय मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, अहिल्यानगर यांस,



मी कर्जत तालुक्यातल्या एका वस्तीवर वाढले. 13 जुलै 2016 ला आमच्याच तालुक्यातल्या कोपर्डीत एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर आमच्या वस्तीवरच्या घराघरांत एकच गोष्ट ठरली: दिवेलागणीच्या आत पोर घरात पाहिजे. जादा तास बंद झाले, सायकली पडवीत लागल्या. काहींची शाळाच सुटली आणि लवकरच त्यांचं लग्न उरकलं गेलं. आईबापांना मी दोष देत नाही, त्यांच्या हातात तेवढंच होतं. पण गुन्हा कोणी केला आणि कोंडलं कोणाला, हे त्या वयातही कळत होतं.

त्याच वर्षी 8 एप्रिलला, गुढीपाडव्याला, आपल्याच जिल्ह्यात शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर, जिथं बायकांना बंदी होती, बायका चढल्या होत्या. त्यासाठी उच्च न्यायालयाला बोलावं लागलं. कोपर्डीच्या खटल्यातही नगरच्या सत्र न्यायालयानं नोव्हेंबर 2017 मध्ये तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. न्यायालयांनी आपलं काम केलं. कोपर्डीनंतर निघालेल्या मराठा मूक मोर्चांत तर सगळ्यांच्या पुढं मुलीच होत्या. भाषणं त्यांनी केली, निवेदनंही त्यांनीच दिली. पुढे चर्चा आरक्षणाची झाली, कायद्यांची झाली. शाळा सुटल्यावर मुलीनं फाट्यापासून वस्तीपर्यंत कसं यायचं, यावर आमच्या गावात एकही बैठक झाली नाही. उलट अमक्या वस्तीकडच्या मुलींशी बोलू नका, एवढी शिकवण मात्र मिळाली.

म्हणून आमच्या गावच्या आशा स्वयंसेविका ताईंनी किशोरींचा गट सुरू केला तेव्हा एक हट्ट धरला: सगळ्या वस्त्यांच्या मुली एकाच सतरंजीवर बसतील. काही घरांनी मुली पाठवल्या नाहीत. ताई त्या घरी पुन्हा पुन्हा गेल्या. शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून हेच करून दाखवलं होतं. ज्यांना गावानं कधी मोजलं नाही, अशा निरक्षर बायका त्यांनी गावाच्या आरोग्यसेविका केल्या. त्यात दलित बायाही होत्या, आणि पुढे त्याच बायांच्या सल्ल्यानं गावातली बाळंतपणं होऊ लागली.

गटात आम्ही आधी गावाचा नकाशा काढला. रस्ते, विहिरी, मंदिर सगळ्यांना माहीत होतं. आम्ही त्यावर भीती मांडली. कोणत्या खांबावर दिवा नाही, कोणत्या टपरीपुढं मान खाली घालून चालावं लागतं, कोणत्या वाटेला दोन्ही बाजूंनी ऊस उभा असतो, शाळेतल्या कोणत्या स्वच्छतागृहाला कडी नाही. गावातल्या मोठ्या माणसांनी तो कागद पाहिला तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही. त्यांच्या रोजच्या पायाखालचं गाव होतं ते, पण मुलींच्या डोळ्यांनी त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

तिथून मी शिकत गेले. अर्ज कसा लिहायचा, तो कोणाच्या नावे द्यायचा, पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. ते कामी आलं एसटीच्या वेळेसाठी. ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो, आणि ती योजना चौंडीच्या अहिल्याबाईंच्याच नावाची आहे. पण पास हातात असून गाडी शाळा सुटण्याआधीच निघून गेली, तर मुलगी फाट्यावर उभीच राहते. वेळ बदलून घ्यायला आम्हाला बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या. गाडी शाळा सुटल्यावर निघू लागली, त्या वर्षी शाळा सोडलेल्या दोघी परत वर्गात बसल्या. त्या दिवशी मला कळलं की मुलींची सुरक्षितता पोलीस ठाण्याइतकीच वेळापत्रकातही असते.

अठरा पूर्ण झाल्यावर मला महिला ग्रामसभेत बसायचं होतं. कायद्यानं ती ग्रामसभेच्या आधी व्हायलाच हवी. आमच्याकडे रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतल्या जात होत्या. मी सही केली नाही, सभा घ्या म्हणाले. आवाज कापत होता. सभा झाली, मोजक्याच बाया आल्या, पण खांबावरच्या दिव्यांचा ठराव तिथंच झाला.

मात्र साहेब, त्या वाटेनं रोज चालणारी मुलगी चौदा वर्षांची असते. ती मतदार नाही, म्हणून ग्रामसभेची सदस्य नाही. तिच्यासाठी ग्राम बाल संरक्षण समितीत मुलांच्या प्रतिनिधींची तरतूद आहे. बालविवाह थांबवण्याची जबाबदारी ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकावर, आहे. कागदावर उणं काही नाही. पण आपण समितीत आहोत हे त्या मुलीलाच माहीत नसेल, तर समिती कोणाची?

आणि काही घरांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, तरी कशी सांभाळायची, या धास्तीनंच तिचं लग्न लावून दिलं जातं. त्या आईला बालविवाहाचा कायदा समजावून भागत नाही. मुलीला दार लागणारी खोली आणि शाळा हवी. मुलांना गावात ठेवणारं हंगामी वसतिगृह ऊसतोडीची टोळी निघाल्यावर सुरू झालं तर त्याचा तिला उपयोग नाही.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. येत्या ग्रामसभेआधी प्रत्येक गावात मुलींची बालसभा घ्या. त्यांच्याकडून गावाचा नकाशा काढून घ्या आणि तो ग्रामपंचायतीच्या आराखड्याला जोडा. ग्राम बाल संरक्षण समितीतल्या मुलींची नावं शाळेच्या फळ्यावर लावा, मुलांच्या मदतीच्या 1098 या क्रमांकाशेजारी. शाळा आणि एसटीच्या वेळा दर जूनमध्ये एकत्र बसून ठरवा, त्या बैठकीला मुली असू द्या. वसतिगृहं टोळ्या निघण्याआधी उघडा. यातल्या बऱ्याच गोष्टींना नवा निधी लागत नाही, आपल्या सहीचं पत्र लागतं. ते काढावं, आणि कोणत्या गावानं काय केलं याची यादी जाहीर करावी, ही विनंती.

आपली,
कर्जत तालुक्यातील एक मतदार