चिकूचे कूळ आणि खिरणीचे मोल

वनस्पतींच्या कुळांची माहिती हा केवळ पुस्तकी विषय होय, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. चिकू, खिरणी, मोह आणि बकुळ ही एकाच कुळातील झाडे आहेत. साल किंवा कोवळे फळ चिरताच पाझरणारा पांढरा चीक, एकाआड एक येणारी अखंड कडांची साधी पाने आणि कठीण, चकचकीत बी या त्या कुळाच्या खुणा होत.

चिकू मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतील; खिरणी आपल्याच रानातील. पूर्वी शास्त्रज्ञ या दोहोंना निरनिराळ्या वंशांत घालीत. आता ती एकाच वंशात गणली जातात. हे नाते निकटचे असल्यामुळेच खिरणीच्या खुंटावर चिकूचे कलम उत्तम जुळते, जोमाने वाढते व भरपूर फळते. मोह त्याच कुळातील खरा. परंतु खुंट म्हणून त्यास खिरणीची सर येत नाही.

डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. चिकूची कीर्ती वाढत असता बांधावरील खिरणी मात्र सरपणासाठी तोडली जावी, हे दूरदर्शीपणाचे नव्हे. खिरणीचे रोप सावकाश वाढते; कलमायोग्य होण्यास त्यास सुमारे दोन वर्षे लागतात. झाडच गेले, तर बी कोठून आणावयाचे?

म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील खिरणीची नोंद ठेवावी आणि उन्हाळ्यात फळे पिकताच ताजे बी रोपवाटिकेस पोचवावे. शेतकरी बंधूंनीही या झाडास कुऱ्हाड लावण्यापूर्वी चिकूच्या बागेचे स्मरण करावे.