व्याजाचे गणित आणि रोख्याचा कागद



वाणिज्य शाखेत गणित ऐच्छिक असावे आणि विज्ञान शाखेत घातांक व लघुगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीस कर्जरोखा कधी पडूही नये, ही जी विभागणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी कोणास शंकाही येत नाही, ती मला समाजाच्या दृष्टीने घातक वाटते.

मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयतेने सावकारांचे रोखे हिसकावून जाळले, हे आपण इतिहासाच्या तासाला शिकतो. परंतु त्यामागील एक कारण निखळ गणिताचे होते. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली, ती वस्तुतः कुळाच्या संरक्षणार्थ. पण मुदत भरत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. उदाहरणादाखल दरसाल शेकडा 24 हा दर धरला, तर 100 रुपयांच्या कर्जाचे तीन वर्षांनी 172 रुपये होतात, आणि रोखा दोनदा पालटला असता नवव्या वर्षाअखेर 508 रुपयांहून अधिक. सरळ व्याजाने हीच रक्कम 316 भरली असती. मुद्दलाहून अधिक व्याज एका वेळी वसूल होऊ न देणारा दामदुपटीचा नियमही येथे लंगडा पडे, कारण नव्या रोख्यात जुने व्याज मुद्दल होऊन बसलेले असे.

आजही फ्लॅट रेटने 12 टक्क्यांनी घेतलेल्या 12,000 रुपयांचे बारा मासिक हप्ते प्रत्येकी 1,120 रुपयांचे पडतात, आणि मुद्दल दरमहा फिटत असूनही व्याज मात्र मूळ रकमेवरच चालू राहत असल्यामुळे, घटत्या शिल्लकेवरचा खरा दर वार्षिक 21 टक्क्यांपलीकडे जातो. हा दर काढण्याचे साधन एका शाखेकडे आहे, कागद दुसरीकडे. कला शाखेकडे तर दोन्ही नाहीत.

व्यवहाराच्या संसर्गाने गणिताचे शुद्धत्व डागाळेल, असे म्हणणाऱ्या विद्वानांनी एवढेच आठवावे, की आर्यभटाने व्याजावरील व्याजाचा प्रश्न वर्गसमीकरणाने सोडविला, आणि चक्रवाढीचा काळ लहान लहान करीत गेल्यास काय होते या प्रश्नातूनच याकोब बर्नुली 1683 मध्ये ‘ई’ या संख्येपाशी पोहोचला.

म्हणून अभ्यास मंडळाने तिन्ही शाखांस समान असा एक पेपर ठेवावा, आणि त्यात सूत्रात आकडे भरावयास न सांगता, हप्त्यांचा छापील तक्ता पुढे ठेवून खरा दर काढावयास सांगावा, ही माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला नम्र,
एक गणित-शिक्षक