जुना बॉक्स घ्यावा, पण पारखून

जुने ते सोने ही म्हण सेट टॉप बॉक्सला जशीच्या तशी लागू पडत नाही. परंतु जुने म्हणजे भंगार, हेही मला मान्य नाही. दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. आज तिला 'डीडी फ्री डिश' म्हणतात. छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की महिन्याचे रिचार्ज नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. अशा घरांना या सोयीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून जुना बॉक्स घेणाऱ्याला कोणी हसू नये. त्याने मात्र दोन प्रश्न जरूर विचारावेत. बॉक्स एमपीईजी-४ आहे का? एमपीईजी-२ बॉक्सवर नव्या पद्धतीच्या वाहिन्या दिसत नाहीत. एमपीईजी-४ वर दोन्ही दिसतात. दुसरे, तो खाजगी कंपनीचा तर नाही? तसे बॉक्स बहुधा त्या कंपनीच्याच सेवेला बांधलेले असतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'स्वयंप्रभा' या शैक्षणिक वाहिन्याही उपग्रहावरून मोफत मिळतात. चार पैसे वाचवण्यापायी धाकट्या भावंडांचा हा घरचा वर्ग बंद राहू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.