निजेतला श्वास कोण मोजणार?

बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीचे वाण विकसित केले आणि ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचले. मुलांच्या निजेतील श्वासाविषयीचे संशोधन मात्र बहुतांशी महानगरांतच अडकून पडले आहे. टॉन्सिल व नाकामागील ग्रंथी वाढल्या की श्वासमार्ग अरुंद होतो. मूल घोरते, कधी क्षणभर श्वासही थांबतो. अशी अर्धवट झोप झालेले मूल वर्गात पेंगते, चिडचिडते आणि ‘मठ्ठ’ ठरते. निश्चित निदानाची चाचणी रात्रभर प्रयोगशाळेत निजवून करतात. शेतमजुराला ती कशी परवडावी?

परंतु साधनांची उणीव ही सबब होऊ शकत नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावच्याच कार्यकर्त्यांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास व औषध देण्यास शिकविले. त्यामुळे बालमृत्यू घटल्याचे १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शालेय तपासणीतही ‘मूल रोज घोरते काय? निजेत श्वास अडतो काय?’ असे प्रत्येक पालकाला विचारले जावे. पुढील उपचारांचा भार शासनाने उचलावा. कार्यकर्त्यांनी ही मागणी पंचायत समितीपुढे लावून धरली पाहिजे. तुरीच्या रोपासाठी जे झाले, ते वाढत्या मुलासाठी का होऊ नये?